सिधिकचे कान

घंटा भट्टीत घालण्याआधी तिला लाल मातीचा लेप द्यावा लागतो. पत्रा कापून, ठोकून घंटेचा आकार देणं हे पुरुषांचं काम. तिच्यावर तांब्या-पितळेचा चुरा आणि माती चढवणं आम्हा बायकांचं. ही माती आमच्या गावच्या तळ्याच्या काठचीच लागते, दुसरीकडची भट्टीत तडकते. म्हणून साकर गेल्यावरही मला तळ्यावर जावंच लागायचं. गावातल्या बायका म्हणायच्या, काय दगडाच्या काळजाची आहे, पोर जिथं बुडाली तिथंच पाटी घेऊन जाते. मी म्हणायचे, मग दुसरी माती दाखवा, तिथून आणते.

त्या दिवशी मी अशीच माती घेऊन आले, पाटी अंगणात ठेवली आणि ढेकळं फोडायला बसले. घरातून सिधिक म्हणाला, "हात घालू नकोस. विंचू आहे पाटीत."

सिधिक माझा नवरा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेणार आहे, त्याला आता फरक पडत नाही.

तो आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. साकरचा चाळिसावा होऊन गेला होता आणि अजून त्यानं कामासाठी हातोडा उचलला नव्हता. मी दारातून विचारलं, "तुम्हाला कुठून दिसला?"

"दिसला नाही. चालतोय."

मी काठीनं पाटी उलटी केली. ढेकळांखालून पिवळा, नखाएवढा विंचू निघाला. मी चपलेनं चिरडला. आत सिधिकनं दोन्ही हातांनी कान दाबून धरले आणि म्हणाला, "अगं, हळू." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दुःखानं माणूस नुसता रडत नाही, त्याला आणखीही काही काही होतं.

आता साकरचं सांगायला हवं. साकर आमची एकुलती एक, सहा वर्षांची, पायाला भिंगरी असलेली. शेळ्यांच्या मागे कुठंही जायची. आम्ही लुहार, कच्छच्या या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या गुराढोरांच्या घंटा करतो. गुरं राखणाऱ्या प्रत्येक मालधाऱ्याच्या कळपाचा आवाज वेगळा. अंधारात, धुक्यात, वेड्या बाभळीच्या रानात म्हैस दिसली नाही तरी चालेल, घंटेवरून धनी तिला ओळखतो. तो आवाज घंटेच्या काठावर हातोडीनं लावायचा असतो, आणि तो लावावा तर सिधिकनं, असं सगळा मुलूख म्हणायचा. साकर चालायला लागली तेव्हा त्यानं तिच्या कमरेला एक बोटाएवढी घंटी करून बांधली. माझी जाऊ हवाबाई म्हणाली होती, "शेळी आहे का ती?" सिधिक म्हणाला, "शेळी हरवली तर दुसरी येते, भाभी."

ती गेली तेव्हा तो ऐरणीपाशी होता. भुजकडच्या एका मोठ्या हॉटेलच्या फाटकासाठी एक घंटा करायची होती, उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढी. तसली कधी कुणी केली नव्हती. सकाळपासून तो ठोकत होता. तळ्यावर असलेल्या पोरांनी नंतर सांगितलं, साकर पाण्यातून "बापा" म्हणून ओरडली. हातोडा थांबला तेव्हा सिधिकला आधी जाणवलं ते एवढंच, की घंटी वाजत नाहीय. तो धावत गेला. उपयोग नव्हता.

जनावर मेलं की मालधारी त्याची घंटा आमच्याकडे परत आणून देतो. आम्ही तिचा काठ ठोकून तोंड मिटवतो, म्हणजे तो आवाज दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जात नाही. साकरला मातीआड करून आल्यावर सिधिकनं तिची घंटी ऐरणीवर ठेवली आणि मिटवली. मी समोर बसले होते. चपटा तुकडा भंगारात पडला आणि पुढच्या भट्टीत वितळला. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर तो जे म्हणाला त्याला कुठलीच वस्तू कारण नव्हती.

विंचवानंतर हळूहळू त्याला सगळंच ऐकू यायला लागलं. बाजरीच्या कोठीतले किडे. दूध विरजताना होतो तो आवाज, तो काय होतो ते अल्ला जाणे. एकदा म्हणाला, सुमारच्या घराची मागची भिंत पडणार, आतली काठी पिचतेय. सुमार म्हणजे त्याचा थोरला भाऊ, मी त्याला अदा म्हणते. अदा हसला. आठवड्याच्या आत भिंत पडली, आणि त्यानंतर सिधिकला कुणी हसेना. लोकांची दुसरी अडचण झाली. हवाबाई आपल्या चुलीपाशी बसून माझ्याबद्दल काय बोलते, ते सिधिक आमच्या खाटेवरून ऐकायचा, आणि भोळेपणानं मला सांगायचा.

"भाभी म्हणतेय, जेनाच्या डोळ्यांत पाणी नाही."

मी सरळ जाऊन हवाबाईला विचारायचे. ती तोंडावर पदर घेऊन म्हणायची, "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. तुमच्या घरात कानांना भिंत नाही." तीन घरं सोडून राहणारे लोकसुद्धा भांडायचं झालं तर रानात जायला लागले.

हसू येतं, पण तो मरत होता. ऐरणीवर हातोडा पडला की त्याच्या नाकातून रक्त यायचं, म्हणून अदानं आपलं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. बायका म्हणाल्या, नवरा जिवंत असताना हात रिकामे करू नयेत. मी बाजरीचा रोटला ताकात भिजवून, गिळून खायला लागले, कारण माझं चावणं त्याला सोसत नव्हतं. त्याच्या कानांत मेण घातलं, वर कापसाचे बोळे. तर म्हणाला, आता स्वतःचं रक्त ऐकू येतं, ते काढ. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या मी भिंतींना टांगल्या. त्या गोधड्यांच्या आत तो बसून राहायचा आणि मी बाहेर पाय न वाजवता फिरायचे. एकदा मी नुसती दारात उभी होते, काही करत नव्हते. तो म्हणाला, "जेना, थोडा वेळ डोळे मिटून ठेव. पापण्या वाजतात."

अदा त्याला भुजला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं यंत्र लावून पाहिलं आणि सांगितलं, कान उत्तम आहेत. अदा म्हणाला, "उत्तम आहेत हेच तर दुखणं आहे, साहेब." डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांचा उपयोग झाला. गोळी घेतली की तो दगडासारखा झोपायचा, आणि तेवढ्यात मी भांडी घासून घ्यायचे, खोकून घ्यायचे, एखाद वेळी रडूनही घ्यायचे.

मग एक दिवस सकाळी तो गोधड्यांमधून बाहेर आला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडलेलं मी पाहिलं. माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि कुजबुजला, "तुझ्यात दोन ठोके आहेत."

"काय?"

"एक तुझा. एक बारीक. फार भरभर."

मला स्वतःला अजून शंकासुद्धा आली नव्हती. नर्सबेन दर आठवड्याला गावात येते, तिनं तपासलं आणि खरं निघालं. मी त्या दिवशी बांगड्या पुन्हा चढवल्या, आणि त्यांच्यावर चिंधी गुंडाळली. सिधिक तासन्‌तास माझ्यापासून हातभर अंतरावर बसून ऐकायचा. दुसरं काही ऐकूच येत नाही म्हणायचा, ते बाकीचं सगळं झाकून टाकतं. जेवायला लागला. गोळ्याही सोडल्या. हवाबाई म्हणाली, "देणाऱ्यानं दिलं बाई. आता नीट सांभाळ, तळ्यावर जाऊ नकोस." मी म्हटलं, माती तू आणून दे. तिनं खरंच आणून दिली.

पाचवा महिना असेल. मी अंगणात गोधडी शिवत होते. तो माझ्याशेजारी बसला होता आणि एकाएकी त्यानं मान वळवली.

"साकर तळ्यावरून निघाली," तो म्हणाला.

मला वाटलं, जुनं काहीतरी आठवलं. "कोण निघाली?"

"साकर. कमरेची घंटी वाजतेय. चालते, थांबते. शेळी मागे राहिली की थांबायची ना… तशी."

मी सुई गोधडीत टोचून ठेवली. मला राग आला. खोटं कशाला बोलू. नऊ महिने मी वागवली, दूध मी पाजलं, शेवटचं तिचं अंग मी धुतलं, आणि ती परत आली तर बापाच्या कानात. दुसऱ्या दिवशी मी हवाबाईला चुकवून तळ्यावर गेले आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले. म्हशी पाण्यात शिरल्या, बाहेर आल्या. टिटवी ओरडली. मी जीव एकवटून ऐकलं. मला माझ्या मुलीचं काहीएक ऐकू आलं नाही.

घरी आले तर तो म्हणाला, "बाभळीपर्यंत आलीय. तू तिच्या बाजूनंच आलीस."

असे दिवस गेले. बाभळीपासून मशिदीच्या भिंतीपर्यंत, तिथून आमच्या फाटकापर्यंत. तो भीत नव्हता, उलट वाट पाहत होता. मीही भीत नव्हते. माझी मुलगी घरी येत होती, तिला मी का भ्यावं? मी फक्त विचारायचे, "काही बोलते का?" तो मान हलवायचा. एका दुपारी तो उठून फाटकापर्यंत गेला आणि फाटक उघडून बाजूला उभा राहिला. परत आला तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आली."

"कुठं आहे?"

"तुझ्याजवळ बसलीय. पोटाला कान लावून."

मी हललेच नाही. माझ्या पोटाजवळ काही नव्हतं. ऊन होतं, गोधडी होती. पण आतलं बाळ, जे सकाळपासून चुळबुळत होतं, ते गप्प झालं.

पहिल्या दिवशी मी मनावर घेतलं नाही. नंतर रोज तसंच व्हायला लागलं. सिधिक मान तिरपी करून ऐकायला लागला की आतली हालचाल थांबायची, आणि मी घामेघूम होऊन बसायचे. पुन्हा हलायचं ते कधी लगेच, कधी रोटला भाजून होईपर्यंत नाही. नर्सबेन आली त्या दिवशी सिधिक शेजारीच बसला होता. तिनं नळी लावली. भुवया जवळ आल्या. नळी काढली, पुन्हा लावली.

"बेन, काय झालं?"

"काही नाही. थांबून थांबून येतंय," ती म्हणाली. "भुजला दाखवून घ्या. उशीर करू नका."

ती गेल्यावर मी सिधिकपुढे जाऊन बसले. "साकर काय करते ते मला सांगा. खरं सांगा."

"हाक मारते," तो म्हणाला.

"कुणाला?"

"बाळाला. खेळायला बोलावते."

"कुठं?"

सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांच्या पोरीचं खेळायला जायचं ठिकाण एकच होतं, आणि घरात माती त्याच ठिकाणची येत होती.

भुजच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढला. म्हणाल्या, सगळं ठीक आहे, ठोके उत्तम आहेत, उगाच घाबरू नका. त्या दिवशी सिधिक गावात होता आणि मी त्याला गोळी देऊन निघाले होते. परत येताना बसमध्ये बाळ एवढं खेळलं की शेजारच्या बाईला माझ्या ओढणीवरून दिसलं. तिथंच मी ताडलं. तो झोपला की बाळ खेळतं. तो जागा झाला, कान दिले, की थांबतं. साकर तळ्यावरून बाभळीपर्यंत, बाभळीपासून अंगणात आली ती दुसऱ्या कुठल्या वाटेनं नाही. ती त्याच्या ऐकण्यावरून चालत आली होती.

मी त्याला हे सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मलाही तसंच वाटतं. पण मी ऐकायचं बंद कसं करू? डोळे मिटता येतात, जेना."

"गोळ्या घ्या."

"बाळंतपणापर्यंत? आणि मग? आता खेळायला बोलावते, ती बाळ बाहेर आल्यावर सोडून देईल का?" मग म्हणाला, "ती वाईट नाही गं. एकटी आहे."

"मला माहीत आहे ती वाईट नाही," मी म्हटलं. "मी तिची आई आहे."

ती मोठी घंटा कामाच्या छपराखाली तशीच पडून होती. साकर गेली त्या दिवसापासून तिला कुणी हातोडा लावला नव्हता. हॉटेलवाल्यांनी दोनदा माणूस पाठवला आणि नाद सोडला. अदानं ती साखळीनं आढ्याला टांगून ठेवली होती, जमिनीपासून हातभर वर. सिधिक तिच्याकडे पाहत म्हणाला, "हिच्या आत डोकं घालून बसलो आणि बाहेरून कुणी ठोकलं तर धडधाकट माणूस बहिरा होईल. माझे कान तर असे…"

"अदाला सांगू?"

"सुमार हात आखडता घेईल. भाऊ आहे. तू ठोक."

लुहाराचे कान गेले तर त्याचं काय उरतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण माझ्या पोटात एक होतं आणि मातीत एक होतं, आणि दोन्ही मातीत मी जाऊ देणार नव्हते.

शुक्रवारी दुपारी गावातले पुरुष नमाजाला गेले. हवाबाई झोपली होती. आम्ही छपराखाली गेलो. सिधिकनं साखळी थोडी वर घेतली, खाली एक खोकं ठेवलं आणि त्याच्यावर बसला. मग मी साखळी सोडत घंटा उतरवली, तर ती त्याच्या कोपरांपर्यंत आली. बाहेर फक्त त्याचे हात आणि गुडघे दिसत होते. गुडघ्यांवर त्यानं हात ठेवले होते. माझ्या लग्नात तो असाच बसला होता, तोंडावर फुलांच्या माळा आणि गुडघ्यांवर हात.

"काठाला ठोक," आतून त्याचा आवाज आला. "मध्ये ठोकलंस तर बसका आवाज होतो."

मी मोठा हातोडा दोन्ही हातांनी उचलला. पोटामुळे नीट उभं राहता येत नव्हतं. "तयार?"

"हो."

मी हातोडा मागे नेला.

"थांब," तो म्हणाला. "जेना… थांब. ती आत आलीय. माझ्या मांडीवर… काहीतरी सांगतेय."

मी थांबले नाही. थांबले असते तर ती काय म्हणाली ते त्यानं ऐकलं असतं, मग मलाही ते ऐकायचं झालं असतं, आणि हात पुन्हा उठला नसता. मी काठाला ठोकलं. तो आवाज मला कानांत आलाच नाही, आधी पायांत आला. मी पुन्हा ठोकलं. त्याचे हात गुडघ्यांवरून उडाले, आणि मग खाली लोंबत राहिले. मी ठोकत राहिले. छपरावरचे कावळे उठले, मशिदीतून माणसं बाहेर आली, आणि अदानं येऊन माझ्या हातातून हातोडा काढून घेतला.

घंटा वर ओढली तेव्हा सिधिक शुद्धीवर होता. दोन्ही कानांतून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी विचारलं, "ऐकू येतंय?" तो पाहतच राहिला. मी त्याचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली, मग आणखी एक. तो रडायला लागला, फार मोठ्यांदा, कारण किती मोठ्यांदा ते त्याला कळत नव्हतं.

अदानं लोकांना सांगितलं, घंटा पाहत होते, साखळी सुटली. लोकांनी ते मान्य केलं. हवाबाईनं केलं नाही, पण ती काही बोलली नाही. त्या घरात आता काहीही बोलता येत होतं, आणि नेमकं तेव्हाच तिनं बोलणं सोडलं.

राबिया पावसाळा संपता संपता झाली. जन्मल्याबरोबर असं रडली की नर्सबेन म्हणाली, हिच्या बापाला ऐकू आलं असेल. सिधिकनं तिचं उघडं तोंड पाहिलं आणि हसला. मी गोधड्या भिंतीवरून उतरवून धुतल्या. खळखळून भांडी घासली. कुरकुरीत रोटला चावून खाल्ला, आणि तो माझ्यासमोर बसून आनंदानं बघत होता. माझ्या ओठांवरून त्याला सगळं बोलणं समजायला लागलं. मला वाटलं, आता झालं. आता आम्ही इतर लोकांसारखे.

कामाचा प्रश्न होता. बहिरा माणूस घंटेचा आवाज काय लावणार? अदा स्वतः लावून पाहायचा, आणि मालधारी घंटा परत आणून टाकायचे, म्हैस ओळखत नाही म्हणून. मग एक दिवस सिधिकनं घंटेचा काठ दातांत धरला आणि बाहेरून हातोडीनं हलकी टिचकी मारली. डोळे मिटून बसला, काठावर दोन ठोके दिले, पुन्हा चावला. माझे सासरे लधाबापा म्हातारपणी असंच करायचे म्हणे. कान गेले तरी दात ऐकतात, कवटी ऐकते. ती घंटा घेऊन गेलेला मालधारी आठ दिवसांनी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. म्हणाला, असा आवाज कधी लागला नव्हता, म्हशी हाकाव्या लागत नाहीत, घंटेच्या मागं मुकाट चालतात. अदा म्हणाला, "कानांपेक्षा दातांनी बरा लावतो. आता दात सांभाळ म्हणजे झालं." मी त्याचं वाक्य ओठांनी सिधिकला सांगितलं आणि आम्ही तिघं हसलो.

थंडी पडली. एका दुपारी मी अंगणात उन्हाला बसले होते. राबिया मांडीवर होती, पाय झाडत होती, तिला आता पायांचं फार कौतुक. सिधिक समोर ऐरणीपाशी बसला होता. त्यानं एक घंटा दातांत धरून टिचकी मारली. तिचा आवाज विरला. मला तो विरलेला ऐकू आला. पण त्यानं घंटा तोंडातून काढली नाही.

तो तसाच बसून राहिला, काठ दातांत, डोळे उघडे. तो माझ्याकडे पाहत नव्हता, राबियाकडेही नाही. समोर, जमिनीपासून थोडं वर, कुठंतरी पाहत होता. मग त्यानं हळूच मान डोलावली, कुणी काही सांगितल्यावर डोलावतात तशी.

मी राबियाला घेऊन त्याच्याजवळ गेले, बसले आणि त्याच्या गुडघ्याला हात लावला. "काय झालं?"

त्यानं घंटा काढली. "काही नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा दातांत धरली.

मी ती ओढून घेतली. काठावर त्याची थुंकी होती. "साकर?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता, मला ठेवायचाच होता.

"दातांतून येते," तो म्हणाला. "कानांतली वाट मोडली, ही तशीच राहिली. ते माझ्या ध्यानात आलं नाही."

"कधीपासून?"

"पहिली घंटा चावली तेव्हापासून."

त्या घंटा सगळीकडे गेल्या होत्या, बन्नीच्या सगळ्या गवताळ रानात, कितीतरी कळपांच्या गळ्यात. पण त्यांतूनही ती हाक मारत असेल, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मला एकच विचारायचं होतं, जे मी दर वेळी विचारत आले होते, आणि राग कुठल्या कुठे गेला होता. त्याला वाचता यावं म्हणून मी ओठ सावकाश हलवले. "बोलते का काही? काय म्हणते?"

सिधिकनं माझ्या हातातली घंटा घेतली, ऐरणीवर पालथी ठेवली. बहिऱ्या माणसाचा आवाज सपाट होतो, त्याला चढउतार राहत नाही.

"एकच विचारते," तो म्हणाला. "घंटेत तुझ्या मांडीवर होते, तरी आईनं मला का मारलं."

माझ्या मांडीवर राबियाचे पाय थांबले.